चिखला परिसर : खाणी, गड आणि तलावांच्या मुलखात सहकुटुंब पदभ्रमण

पर्यटनाच्या नकाशावर चिखल्याचे नाव सहसा आढळत नाही. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेनजीक वसलेले हे गाव परिचित आहे ते मँगनीजच्या खाणीमुळे. खाण कंपनीच्या कागदोपत्री त्याचा उल्लेख 'चिकला' असा होतो, गावकरी मात्र 'चिखला' म्हणतात. नावात चिखल असला तरी एप्रिल-मे महिन्यांत येथे चिखलाचा मागमूस नसतो. पानगळ झालेले सागाचे रान, तापलेले खडक, कोरडे ठणठणीत नाले आणि त्यांच्या मधोमध खाणींनी कोरून काढलेले खोल खड्डे असे दृश्य दिसते. याच मुलखात, मोटारीने फार तर तास-दीड तासाच्या अंतरावर, डोंगरांनी वेढलेले विस्तीर्ण जलाशयही आहेत.

सह्याद्रीतील गड-घाटांवर मुलांना घेऊन जाणारी कुटुंबे आता पुष्कळ झाली आहेत. पूर्व विदर्भात मात्र पर्यटन म्हणजे जिप्सीत बसून व्याघ्रदर्शन, असेच समीकरण रूढ झाले आहे. पायी चालावे, डोंगर चढावा, तलावाच्या पाळीवर बसून शिदोरी सोडावी, असा बेत नागपूरकर कुटुंबे क्वचितच आखतात. चिखला, आंबागड, गायमुख, चांदपूर आणि बावनथडी धरण या परिसरात असा दोन दिवसांचा बेत उत्तम रीतीने आखता येतो. अट एकच. येथील पाण्याची ओळख आधी करून घ्यायला हवी. कोणते पाणी माणसांसाठी राखलेले आहे, कोणते नुसते साचलेले आहे आणि कोणत्या महिन्यात ते अजिबातच मिळणार नाही, हे ज्याला ठाऊक त्याच्यासाठी हा परिसर निर्धोक आहे. इतरांसाठी तो तसा नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा या राज्यांत हिंडून आलेल्या मराठी कुटुंबांना वाळवंटी घळया आणि त्यांत पसरलेले जलाशय यांचा अनुभव असतो. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणामुळे १९६३ पासून भरू लागलेला लेक पॉवेल हा त्याचा प्रसिद्ध नमुना. शेजारच्या ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत घळईच्या आतील वाटांवर चालू नये, असा सल्ला प्रवाशांना देते. चिखल्याला वाळवंट नाही. येथील पाऊसमान चांगले आहे आणि तुमसरची ओळख तर भाताची मोठी बाजारपेठ म्हणून आहे. पण पावसाचे पाणी चार महिन्यांत वाहून गेले की पुढे पानझडी जंगलाला सावली धरवत नाही. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची बाब आहे. त्या उन्हात चालणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या शरीराला ॲरिझोना आणि आंबागड यांतील फरक कळत नाही. दहा ते चारचा तो नियम येथे मार्चपासूनच लागू केलेला बरा.

काळ्या दगडाचा प्रदेश

नागपूर जिल्ह्यातून भंडाऱ्यामार्गे बालाघाटपर्यंत मँगनीजयुक्त खडकांचा एक पट्टा गेला आहे. भूवैज्ञानिक या खडकांना 'सौसर समूह' म्हणतात. अतिप्राचीन गाळाचे थर प्रचंड दाब व उष्णता यांमुळे रूपांतरित होऊन ते घडले. त्यांचे वय काही अब्ज नसले तरी शंभर कोटी वर्षांच्या आसपास वा त्याहून अधिक निश्चितच आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याचा तपशीलवार अभ्यास आहे. येथील एका विशिष्ट मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी 'गोंडाइट' असे नाव दिले. या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या गोंडांवरून आलेले हे नाव आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. चिखल्याला लागून असलेल्या सीतासावंगी या गावाचे नावही सौसर समूहातील एका थराला मिळाले आहे. शाळेच्या पुस्तकात 'रूपांतरित खडक' हे शब्द पाठ करणाऱ्या मुलांना हे खडक प्रत्यक्ष दाखवता येतात, ही या परिसराची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल. येथील शिस्ट खडकात अभ्रकाचे पापुद्रे असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते चमकू लागले की मुलांचे पाय आपोआप थबकतात.

मँगनीजचा दगड ओळखणेही सोपे आहे. तो काळा असतो आणि हातात घेताच अपेक्षेपेक्षा फार जड लागतो. साध्या दगडाच्या तुलनेत त्याचे वजन जवळपास दुप्पट भरते. मऊ जातीचा असेल तर बोटे काजळ लावल्यासारखी काळी होतात. असा तुकडा रस्त्याच्या कडेला दिसला तर मुलांना तो उचलून पाहू द्यावा आणि जागच्या जागी ठेवायला सांगावे. खनिज घरी नेण्याची वस्तू नव्हे.

येथील खाणकाम विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून चालत आले आहे. प्रथम ब्रिटिश कंपन्यांकडे असलेल्या या खाणी १९६२ मध्ये केंद्र शासन आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश शासन यांची भागीदारी असलेल्या मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या कंपनीकडे आल्या. १९७७ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी झाली आणि २०१० मध्ये तिचे नाव 'मॉयल लिमिटेड' असे झाले. कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. चिखल्याची खाण भूमिगत पद्धतीने चालते. खनिज काढून रिकाम्या झालेल्या पोकळ्या वाळू भरून बुजविण्याची पद्धत येथे वापरली जाते. जवळची डोंगरी बुजुर्ग ही खाण उघडी आहे आणि तेथील मँगनीज डाय-ऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. टॉर्चमधील सेल फोडून आतली काळी पूड पाहिलेली पिढी आता चाळिशीपुढे गेली. ती पूड मुख्यतः मँगनीज डाय-ऑक्साइडचीच असे, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

खाणीचे पाणी

उघड्या खाणीचा खड्डा दुरून पाहिला तर तो एखाद्या घळईसारखाच भासतो. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेल्या तांबूस-काळ्या भिंती आणि तळाशी निळसर-हिरवे, निश्चल पाणी. छायाचित्रासाठी याहून सुंदर जागा नाही, असे कोणालाही वाटावे. मँगनीज पट्ट्यातच नव्हे, तर देशभरातील खाणींच्या मुलखात पडीक खड्ड्यांत मुले बुडून मरण पावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. या लेखात चार ठिकाणी जाण्याची शिफारस केली आहे, ही एक जागा टाळण्यासाठी आहे.

कारण समजून घेतले तर नियम मुलांनाही पटतो. तलावाचा काठ उतरता असतो. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत येते आणि घाबरलेला माणूस मागे फिरू शकतो. खाणीच्या खड्ड्याला असा काठ नसतो. भिंत थेट खाली उतरते आणि पहिल्याच पावलाला ठाव लागत नाही. भिंतीचा माथा सुरुंगांनी खिळखिळा झालेला असतो, त्यामुळे कडेवर उभ्या असलेल्याच्या पायाखालची माती सरकते. पंप बंद झाल्यावर भूजल आणि पावसाचे पाणी झिरपत राहिल्याने खोली किती वाढली, याचा अंदाज वरून येत नाही. शिवाय पृष्ठभागाचे पाणी कोमट असले तरी खालचे अतिशय गार असते. उडी मारणाऱ्याचा श्वास त्या गारठ्याने अडकू शकतो आणि पट्टीचा पोहणाराही बाहेर येण्यासाठी धरायला जागा शोधत राहतो.

चालू खाणीत परवानगीवाचून प्रवेश नसतो आणि मुलांना तर नसतोच. खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे रस्ते, मातीचे ढिगारे आणि खचलेली जमीन यांपासूनही दूर राहावे. खाण आतून कशी असते याचे कुतूहल असलेल्यांसाठी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे कोळसा खाणीच्या सहलीचा उपक्रम सुरू केला होता. त्याची चौकशी करून जाणे हा योग्य मार्ग होय. चिखल्यात खाण पाहायची ती रस्त्यावरून आणि रेल्वेच्या डब्यातून.

आंबागड आणि गायमुख

मुले सात-आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी असतील आणि एकच ठिकाण निवडायचे असेल तर आंबागड निवडावा. तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर सातपुड्याच्या एका फाट्यावर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर वसवले, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला असे मानले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि त्यांनी त्याचा उपयोग तुरुंगासारखा केला. किल्ल्यातील विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी कैद्यांना पिण्यास भाग पाडून त्यांचा अंत केला जाई, असे जिल्ह्याच्या जुन्या वर्णनांत सांगितले आहे. कथा खरी असो वा अतिरंजित, गडावर पिण्याचे पाणी मिळेल या भरवशावर कोणी चढू नये, एवढा बोध ती आजही देते.

सह्याद्रीतील गडांच्या मानाने ही चढाई किरकोळ आहे. मुलांच्या चालीने, बसत-उठत, तास-सव्वा तासात माथा गाठता येतो. वाटेतील झाडोरा दाट आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा डोंगराचा उतार भगवा दिसतो आणि हिरवा रंग जवळजवळ उरतच नाही. माथ्यावर बुरूज, तटबंदी आणि पडक्या वास्तू आहेत. तटावर मुलांना एकटे सोडू नये. चिरे सुटलेले आहेत आणि वाढलेल्या गवतात कडा दिसत नाही. उघड्या विहिरी व टाक्यांपाशी मोठ्या माणसाने हात धरूनच उभे राहावे.

गड आणि घळई यांत एक महत्त्वाचा भेद आहे. घळईत आधी उतरायचे असते आणि दमल्यावर, ऊन चढल्यावर, चढायचे असते. ग्रँड कॅनियनमध्ये अनुभवी माणसेही फसतात ती यामुळे. गडावर ताज्या पायांनी चढून उतरताना परतायचे असते, म्हणून मुलांसाठी गड अधिक क्षमाशील ठरतो. तरीही परतीची वेळ घरून निघतानाच ठरवावी. माथा दहा मिनिटांवर आला असला तरी ती वेळ होताच फिरावे. मुलांना हे पहिल्यांदा अन्यायाचे वाटते. दुसऱ्या खेपेस ती स्वतःच घड्याळ पाहू लागतात.

गायमुख हे याच डोंगरांच्या कुशीतील शिवस्थान. गाईच्या मुखातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरून त्याला हे नाव मिळाले. पंचक्रोशीतील लोक त्याला 'लहान महादेव' म्हणतात, आणि पचमढीच्या महादेवाला जाणे ज्यांना जमत नाही ते येथे येतात. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. यात्रेची गर्दी अनुभवायची असेल तर गोष्ट वेगळी. लहान मुलांसह शांतपणे हिंडायचे असेल तर ते चार-पाच दिवस टाळावेत. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओढ्याकाठची सावली आणि गारवा यांमुळे तीन-चार वर्षांच्या मुलांनाही येथे रमवता येते. ओढ्यातील शेवाळलेले खडक मात्र निसरडे असतात, आणि पावसाळ्यात वर डोंगरात पाऊस पडत असेल तर खालचे पाणी अल्पावधीत वाढते.

तलावांच्या पाळीवरून

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावरही ही ओळख दोन्ही जिल्ह्यांना शोभते. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या शेतकऱ्यांनी उताराची नेमकी जाण ठेवून हजारो तलाव बांधले. मालगुजारी पद्धतीत ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचे 'मामा तलाव' असे लाडके रूप झाले. मामांची मालकी गेली तशी देखभालही सुटली, गाळ साठला आणि अनेक तलाव उथळ झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाच्या सहभागाने काही तलाव पुन्हा जिवंत करण्याचे जे काम केले, ते या संदर्भात आवर्जून पाहण्याजोगे आहे. नुसते पाणी भरून भागत नाही, पाणवनस्पती आणि देशी मासे परतले तरच तलाव तलाव होतो, असा त्यामागचा विचार आहे.

पदभ्रमणासाठी तलावाची पाळ ही आदर्श वाट. सपाट, उंचावर, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरे. आजी-आजोबा आणि नातवंडे येथे एकाच चालीने चालू शकतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर उतरलेली असतात. ती पाहायची तर सकाळी नऊच्या आत पोहोचावे आणि दुर्बीण न्यावी. सारस क्रौंच महाराष्ट्रात आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि भंडाऱ्यात अगदी मोजके उरले आहेत. भातशेतात जोडी दिसलीच तर रस्त्यावरूनच पाहावी. शेतात शिरून जवळून छायाचित्र घेण्याच्या हौसेने घरटी उजाड होतात.

पाळीवर चालताना हे गावाचे पाणी आहे याचे भान हवे. ढिवरांची जाळी, शिंगाड्याच्या वेलींनी भरलेला कोपरा, गुरे पाजण्याची जागा, बायकांचा धुण्याचा घाट, या प्रत्येकाला हक्काचा इतिहास आहे. शिंगाड्याच्या वेलींत पाय अडकतो, म्हणून तेथे पाण्यात उतरू नये. ताजी मासळी मिळाली तर जरूर घ्यावी, भाव मात्र शहरातला सांगून बाजार बिघडवू नये.

या परिसरातील मोठा जलाशय चांदपूरचा. तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने तेथे पोहोचता येते. ब्रिटिश अमदानीत सिंचनासाठी बांधलेला हा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे आणि शेजारच्या टेकडीवर हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. शनिवारी आणि हनुमान जयंतीला भाविकांची रीघ असते. टेकडीवरून दिसणारे पाणी आणि त्यापलीकडील जंगल पाहिल्यावर विदर्भाला केवळ उन्हाचा प्रदेश म्हणणाऱ्यांचे मत बदलावे. लहान मुलांचा आणि वृद्धांचा बेत असेल तर आंबागड सोडून सरळ चांदपूरलाच यावे.

बावनथडी नदीवरील राजीव सागर हा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प. तुमसर तालुक्यातील सितेकसा गावाजवळ हे धरण आहे. जलाशय भव्य आहे. सावली मात्र थोडी, आणि सहकुटुंब रेंगाळण्याजोग्या जागा त्याहून थोड्या. संध्याकाळी तासभर पाहून निघावे. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मात्र उतरू नये. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात पाणी सोडले जाते.

जंगलाची शिस्त

पेंच आणि नागझिरा या दोन संरक्षित क्षेत्रांदरम्यान वाघांची जी ये-जा चालते, तिच्या वाटेवर तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी आणि लेंडेझरी ही वनक्षेत्रे येतात. बिबटे आणि अस्वलेही आहेत. याचा अर्थ घरी बसावे असा नाही. सूर्य चांगला वर आल्यावर निघावे, मावळण्याच्या तासभर आधी गाडीपाशी असावे. मुले रांगेच्या मध्ये, पुढे-मागे मोठी माणसे. डोंगरवाटेला लागण्यापूर्वी वनरक्षकाला किंवा गावातील जाणत्याला 'आज वाट कशी आहे' एवढे विचारावे. नजीकच्या दिवसांत जनावर दिसले असेल तर ते सांगतातच, आणि त्यांनी नको म्हटले तर हुज्जत घालू नये.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. भल्या पहाटे गावकरी ती वेचायला जातात आणि अस्वलेही त्याच फुलांवर येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. ही माणसे पोटासाठी रानात शिरतात आणि दरवर्षी त्यांतील काही जखमी होतात. शहरी कुटुंबाने त्याच वेळी हौसेखातर त्या वाटेने जाण्यात काही अर्थ नाही. चूल पेटवणे तर कटाक्षाने टाळावे. वाळलेल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते आणि वणवा डोंगर ओलांडून जातो.

कधी जाल, कसे जाल

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वोत्तम काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवाई मनोहर असते, पण गवत उंच वाढलेले असते आणि साप दिसत नाहीत. बंद बूट व लांब विजार आवश्यक. थंडीतही दर माणशी दोन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर असावे. मुलांनाही अर्ध्या लिटरची बाटली स्वतंत्र द्यावी. तहान लागल्याचे मूल बऱ्याचदा सांगत नाही, चिडचिड करू लागते. म्हणून दर वीस मिनिटांनी घोट-घोट पाजावे. मीठ-साखर-लिंबू किंवा जलसंजीवनीची पुडी सोबत ठेवावी. चेहरा लाल होऊन घाम थांबला, मूल असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा वेळी प्यायचे पाणी जपून ठेवण्याचा विचारही करू नये.

नागपूरहून भंडारामार्गे तुमसरला जाता येते, किंवा रामटेकवरून जाणाऱ्या रस्त्याने. दुसरा रस्ता अधिक रमणीय आहे. रेल्वेने यायचे तर मुंबई-हावडा मार्गावर तुमसर रोड हे स्थानक आहे. तेथून तिरोडीकडे जाणारा फाटा तुमसर शहर, गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग यांवरून जातो. खनिजाच्या वाहतुकीसाठी महत्त्वाच्या असलेल्या या फाट्यावर प्रवासी गाड्या थोड्याच आहेत, म्हणून वेळापत्रक पाहून निघावे. चिखला आणि सीतासावंगीसाठी गोबरवाही सोयीचे. मुक्कामाची सोय तुमसर किंवा भंडारा येथेच पाहावी. डोंगरात भ्रमणध्वनीची रेंज भरवशाची नाही. कोणत्या वाटेने जात आहोत आणि कधी परतणार, हे पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून जावे, आणि परतल्यावर खाली आल्याचे त्यालाच सांगावे.